पाद्री आपेलूंची शेवटची प्रार्थना

१

शनिवारी सांजप्रार्थना संपल्यावर मी पाद्री आपेलूंसाठी कोको घेऊन गेले, तेव्हा ते कॉलेजच्या जिन्याच्या पायथ्याशी उताणे पडले होते. डोळे उघडे होते. चष्मा तिसऱ्या पायरीवर होता आणि सदऱ्याचं वरचं बटण दोऱ्याला लोंबत होतं. मी कप खाली ठेवला, आणि ठेवताना तो सांडू नये याची काळजी घेतली. अशा वेळी माणसाचं डोकं कुठे असतं, काही सांगता येत नाही.

अंग अजून गरम होतं. मग मी ओरडले.

दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं हळूच वळवून पाहिलं आणि मागे सरकून बसले. "जिन्यावरून पडून गेलेत. पण आपणहून पडलेला माणूस कठडा धरतो. यांच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे आहेत. म्हणजे यांनाच कोणीतरी धरलं होतं."

मी कमरेच्या जुडग्यातली किल्ली चाचपत वर धावले. बैठकीच्या खोलीतलं कपाट सताड उघडं होतं आणि पाद्रीबाबांची किल्ली कुलपातच लटकत होती. त्या कपाटात तीन फायली असायला हव्या होत्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या. दोनच होत्या.

मी मासिना, वाइलुआ कॉलेजची रजिस्ट्रार. सव्वीस वर्षं झाली. प्राचार्य येतात आणि जातात, किल्ल्या माझ्याकडेच राहतात. या वेळी नवा प्राचार्य शोधायला सात महिने लागले होते. जाहिरात दिली, चौदा अर्ज आले, त्यातून तीन नावं काढली. तिघांची व्याख्यानं झाली, शिक्षकांशी बोलणं झालं, गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर मांडी घालून बसणं झालं. उरली होती शिफारसपत्रांची खात्री. प्रत्येक उमेदवाराची तीन पत्रं, बंद पाकिटात. निवड समितीचे अध्यक्ष पाद्री आपेलू जुन्या वळणाचे होते. पत्र लिहिणाऱ्याला फोन करून त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते नावापुढे खूण करत नसत. शनिवारी दुपारपासून ते फोन घेऊन वरच बसले होते. मंगळवारी समिती निर्णय घेणार होती.

गायब होती ती तिसऱ्या उमेदवाराची, डॉक्टर एतुआलेची फाईल.

२

जिल्ह्याच्या ठाण्याचा हवालदार आमच्याच घरी चटईवर बसून जबान्या घ्यायला लागला. कोपऱ्यात फानाती बसली होती. ही पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेली, आता गावातर्फे निवड समितीवर. मांडीवर अर्धवट विणलेली चटई, केवड्याच्या पात्यांचा ढीग शेजारी. हवालदाराला शिट्टी कशी फुंकायची ते एके काळी हिनेच शिकवलं होतं, त्यामुळे तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

"पाद्रीबाबांना शेवटचं कधी पाहिलंत?" त्याने मला विचारलं.

"पाहिलं चार वाजता. ऐकलं मात्र प्रार्थनेच्या वेळी."

आमच्या गावात दिवस बुडताना तीन टोल पडतात. चर्चसमोरच्या आंब्याला रिकामी गॅसची टाकी टांगली आहे, तिच्यावर. पहिल्या टोलाला घरी जायचं, दुसऱ्याला बसायचं, तिसऱ्याला सुटायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे पाव तास रस्त्यावर कोणी चालत नाही. गावातले तरणे पुरुष लुंग्या नेसून रस्त्याच्या दोन्ही कडांना बसतात, आणि कोणी चालताना दिसला तर त्याला तिथेच गवतात बसवतात. तो मंत्री असो की कोणी असो.

पाद्रीबाबा रोज आमच्या घरी येत, मधल्या खांबाला टेकून बसत आणि स्तोत्र उचलत. शनिवारी त्यांनी निरोप धाडला होता : "आज येत नाही. जेवणाआधी एक नकोसं काम उरकायचं आहे." आईने तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. "एकट्याने कसली प्रार्थना? देवाला वाटेल याला घरदार नाही."

मी हवालदाराला सगळं सांगितलं. पहिल्या टोलाच्या थोडं आधी मागच्या बाजूला धप्प झालं. आई म्हणाली, नीरफणस पडला, उद्याच्या जेवणाची सोय झाली. मग टोल पडले. आम्ही आमचं स्तोत्र म्हटलं, आणि आम्ही थांबल्यावर घरामागच्या कॉलेजच्या खालच्या दालनातून गाणं ऐकू आलं. वीस पावलांचं अंतर, मधे समुद्राचा वारा, त्यामुळे तुटक तुटक. जड आवाज. शब्द ओळखीचे, चाल मात्र भलतीकडेच चाललेली. मी आईला म्हटलंही, "म्हाताऱ्याचा सूर सुटला आज." आई म्हणाली, "एकटा गाणार, तर सुटणारच."

"म्हणजे तिसऱ्या टोलापर्यंत जिवंत," हवालदार लिहीत म्हणाला. "तुम्ही किती वेळाने गेलात?"

"दहा मिनिटांनी."

"बस. जे झालं ते त्या दहा मिनिटांत."

त्या दहा मिनिटांचा हिशोब लावायला त्याला वेळ लागला नाही. पहिला उमेदवार ऑस्ट्रेलियाचा ट्रास्क. तो लोकांच्या गराड्यात रस्त्यावर होता. दुसरी आमची उपप्राचार्य वाओइता, माझी बावीस वर्षांपासूनची मैत्रीण. दोनदा हंगामी प्राचार्य झाली आणि दोनदा खुर्ची पुसून दुसऱ्याला दिली. तिसरा टोल पडल्यावर दोनच मिनिटांत ती चर्चमध्ये गायनाच्या सरावाला हजर होती, तीस माणसांसमोर. तिसरा डॉक्टर एतुआले, ऑकलंडहून आलेला. तो टोलानंतर एकटाच झऱ्यावर आंघोळीला गेला होता. शुक्रवारी पाद्रीबाबांनी त्याला व्याख्यान इंग्रजीत दिल्याबद्दल सगळ्यांदेखत झापलं होतं, आणि तो बाहेर येऊन म्हणाला होता, "हा म्हातारा मधे नसेल तर हे कॉलेज सुधारेल." हे निम्म्या गावाने ऐकलं होतं.

"फाईलही त्याचीच गेली," हवालदार उठत म्हणाला. "तिच्यात काहीतरी वाईट असणार. मासिनाबाई, जबानी टाईप करून ठेवा. सोमवारी प्रार्थनेनंतर येतो, सही करा. मंगळवारी सकाळी त्याला राजधानीत, आपियाला नेतो. तोवर तो उतरलाय त्या घरातून हलायचा नाही."

माझ्या एका सहीने एक माणूस जन्मभराचा आत जाणार होता. आणि खरं सांगते, मला फारसं वाईट वाटलं नाही. आल्या दिवशी एतुआलेने माझं कपाट पाहून "हे संग्रहालयात पाठवा" म्हटलं होतं. असल्या गोष्टी मी विसरत नाही.

हवालदार गेला. फानातीने पातं ओढून घट्ट केलं आणि मान वर न करता विचारलं, "मासिना, तो नीरफणस उचललास का गं?"

३

रविवारी पहाटे मी मागे जाऊन पाहिलं. झाडाखाली नीरफणस नव्हता.

"डुकरांनी खाल्ला असेल," मी म्हणाले.

"सालीसकट? देठासकट?" फानाती वाकून गवत न्याहाळत होती. "आमच्याकडची डुकरं एवढी शहाणी नाहीत बाई."

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. रविवारी सकाळी आमच्याकडे घरोघरी दगडांची भट्टी पेटते, आणि गावावर धूर बसून राहतो. मी सहज पाहिलं तर वाओइताच्या घरामागूनही धूर निघत होता. तिची आई गेल्यापासून तिने भट्टी पेटवलेली मला आठवत नव्हती. रविवारचं जेवण ती आमच्याकडेच जेवते. थोड्या वेळाने ती पानात गुंडाळलेला भाजका तारोचा कंद घेऊन आली. डोळे सुजलेले.

"म्हटलं, या रविवारी तुमच्यावर कशाला भार," ती म्हणाली. "तुझी आई कशी आहे?"

"रडतेय. तू?"

"मी काय, मी आहेच." तिने माझा हात दाबला. तिचा हात गार होता. मला भरून आलं. या बाईला प्राचार्य केलं नाही तर या कॉलेजला देवसुद्धा माफ करणार नाही, असं मी मनाशी म्हणाले.

चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या जागेवर कोणीतरी पांढरं कापड टाकून ठेवलं होतं. आमच्याकडे पोर बोलायला लागलं की गाण्यातली त्याची ओळ ठरते. कोणी वरची चाल धरतो, कोणी तिच्याखालची, पुरुष त्याच्याही खाली. ती मरेपर्यंत बदलत नाही. पाद्रीबाबा सत्तर वर्षं वरची चाल उचलत आले होते. माझीही वरचीच. वाओइता माझ्या डाव्या हाताला उभी राहते. तिचा आवाज इतका भरदार की फोनवर लोक तिला 'साहेब' म्हणतात आणि ती दुरुस्त करत नाही. त्या दिवशी सुरुवात करणारं कोणी नव्हतं. सगळी रांग श्वास घेऊन थांबली होती. शेवटी मीच उचललं आणि बाकीचे आले.

बाहेर पडताना फानाती माझ्या कानाशी लागली. "सगळे विचारताहेत, टोलानंतर कोण कुठे होतं. मी वेगळं विचारणार आहे."

"काय?"

"टोलांच्या मधे कोण कोणाबरोबर बसलं होतं. धप्प झालं ते टोलाच्या आधी, मासिना. आणि नीरफणस तर पडलाच नव्हता."

मी तिचा हात धरून तिला थांबवलं. "पण मी त्यांना नंतर गाताना ऐकलं!"

"हो," ती म्हणाली. "तेवढीच एक अडचण आहे."

४

ट्रास्क चर्चच्या पायरीवर टाय सैल करून बसला होता. बरीच वर्षं आमच्या बेटांवर काढल्यामुळे त्याला आमची भाषा येत होती, पण वागणं नाही.

"प्रार्थनेच्या वेळी कुठे होतात?" फानातीने विचारलं.

"गवतात!" तो वैतागून म्हणाला. "मी आपला फिरायला निघालो होतो. तुमच्या सहा पैलवानांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. पाव तास मुंग्या चावत होत्या. वर दंड म्हणून माशांच्या डब्यांची एक पेटी द्या म्हणे!"

"दिलीत का?"

"दिली ना. आणि त्यांनी त्यातले दोन डबे मलाच जेवायला घातले."

फानाती हसली. शनिवारपासून वाइलुआत कोणी हसलं असेल तर तेवढंच.

एतुआले ज्या घरी उतरला होता तिथे दाराशी दोन तरणे पोरगे पहाऱ्याला होते. तो आत चटईवर बसला होता, दाढी वाढलेली, सुटाचा डौल उतरलेला.

"तुम्ही पण मलाच विचारायला आलात?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "मासिनाबाई, मी तुमच्या कपाटाला नावं ठेवली. माणसं नाही मारली."

"प्रार्थनेला कोणाबरोबर होतास बाळा?" फानातीने विचारलं.

'बाळा' म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम पोरका दिसला. "इथेच. हे सगळे अकरा जण होते. यांच्या आजीने मला दुसरं कडवं येत नाही म्हणून चिमटा काढला."

मागून म्हातारी ओरडली, "दोनदा काढला! डॉक्टर म्हणे!"

"आणि फाईलमध्ये काय होतं?"

"माझी पत्रं. चांगली आहेत ती. विचारा ना त्या लोकांना फोन करून." त्याचा आवाज फुटला. "माझी आई आपियात आहे. मंगळवारी मला हातकड्या घालून आणलेलं ती बघणार. तिला हृदयाचा त्रास आहे हो."

बाहेर आल्यावर मला प्रथमच त्याचं वाईट वाटलं. फानाती मात्र शिक्षकांच्या घरांकडे चालायला लागली होती. वाओइता ओट्यावर वह्या तपासत बसली होती.

"तुलाही विचारते गं, रागावू नको. शनिवारी प्रार्थनेला कुणाकडे?"

"शेजारी लोमाकडे," वाओइता वहीवरून डोळे न काढता म्हणाली. "तिथून सरळ सरावाला."

लोमाची बायको मागे कपडे वाळत घालत होती. फानातीने चार इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग शनिवारचं विचारलं. ती चिमटा दातात धरूनच म्हणाली, "वाओइता? नाही बाई, शनिवारी नव्हती आली. आम्ही म्हटलं, मासिनाकडे गेली असेल."

मी फानातीकडे पाहिलं नाही. माणसं विसरतात, असं मी स्वतःला सांगितलं. काल कोण कुठे बसलं होतं, कोण लक्षात ठेवतं? आमच्या गावात सगळेच ठेवतात, हे मला ठाऊक होतं.

५

सोमवारी सकाळी फानाती बैठकीच्या खोलीत पाद्रीबाबांच्या खुर्चीत बसली. टेबलावर उरलेल्या दोन फायली. मी दाराशी उभी.

"फाईल कोणाची गेली, यावर सगळ्यांचे डोळे आहेत," ती म्हणाली. "एतुआले एवढा शिकलेला. आपलीच फाईल उचलून आपल्याच गळ्यात घंटा बांधेल? मला जी फाईल राहिली तिच्यात रस आहे."

तिने पाद्रीबाबांचा फोनचा कागद पुढे ओढला. नऊ नावं. आठांपुढे खूण. एतुआलेच्या तिन्ही नावांपुढेही होती, म्हणजे त्याच्या पत्रांत वावगं काही नव्हतं. नवव्या नावापुढची जागा कोरी होती. डनेडिनच्या एका प्राध्यापकाचं नाव, वाओइताचे जुने गुरू.

"फोन लागला नसेल," मी म्हणाले.

"लावून बघू."

फोन लागला. एका बाईने उचलला. फानातीने आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"शनिवारीसुद्धा तुमच्या कॉलेजातून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला होता," ती बाई म्हणाली. "त्यांनाही सांगितलं मी. बाबा फेब्रुवारीत गेले. नाही हो, पत्र कसलं लिहितील? शेवटचे तीन महिने त्यांना पेन धरता येत नव्हतं."

फानातीने फाईल उघडून पत्र माझ्यासमोर ठेवलं. तारीख एप्रिलची होती.

"हे पाकीट पोस्टाने आलं, मासिना?"

मी तारीख पुन्हा वाचली. नियम मीच लिहिला होता : पत्रं परस्पर रजिस्ट्रारकडे यावीत. पण आमच्या गावात पोस्ट म्हणजे दुकानातली एक टोपली. जो दुकानात जातो तो सगळ्यांची पत्रं उचलून आणतो. एप्रिलमध्ये वाओइता साखर आणायला गेली होती. "तुझी डाक," म्हणून तिने पाच-सहा पाकिटं माझ्या टेबलावर टाकली होती. मी तिकीट बघितलं नव्हतं. तिच्या हातून आलेल्या पाकिटाचं तिकीट मी कशाला बघेन?

"ते नकोसं काम हेच होतं," फानाती म्हणाली. "समितीला सांगण्याआधी त्यांनी तिला एकटीला बोलावलं. तिची लाज राखायला."

"पण ते तिसऱ्या टोलापर्यंत गात होते!" मी जवळजवळ किंचाळले. "टोल पडताच ती सरावाला हजर होती. ज्या बाईने माझ्या बापाला खांदा द्यायला माणसं गोळा केली, तिच्याबद्दल बोलताय तुम्ही, सार्जंटबाई! मी माझ्या कानांनी ऐकलं!"

फानातीने फाईल शांतपणे मिटली. "तू गाणं ऐकलंस. माणूस पाहिला नाहीस. आज संध्याकाळी आपल्या चटईवर बस. शनिवारी बसली होतीस तशीच. जबानी आणि पेन जवळ ठेव."

"आणि तुम्ही?"

"मी वाओइताला खालच्या दालनात बोलावलंय. पाद्रीबाबांच्या जागी दिवा लावायला."

६

पहिला टोल पडला तेव्हा आई मधल्या खांबाकडे बघत होती. तिथे कोणी टेकलेलं नव्हतं. माझ्या मांडीवर टाईप केलेला कागद होता. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : प्रार्थनेच्या वेळी मी पाद्री आपेलू यांना गाताना ऐकलं.

दुसरा टोल पडला. रस्त्याच्या कडेला पुरुष बसले. आम्ही आमचं स्तोत्र म्हटलं. मी नुसते शब्द पुटपुटले, आईनेच निभावून नेलं. मग आम्ही थांबलो.

वारा समुद्राकडूनच होता. थोडा वेळ काहीच आलं नाही, आणि मी देवाला म्हटलं, असंच राहू दे. मग कॉलेजच्या दालनातून आवाज आला. जड, तुटक. शब्द ओळखीचे. चाल भलतीकडे चाललेली.

शनिवारचंच. अगदी तेच.

मी डोळे मिटले. आणि बावीस वर्षांची सवय, माझ्या घशातून आपोआप वरची चाल निघाली, गुणगुणण्याइतकी. ती त्या आवाजावर जाऊन बसली. एकही शब्द पुढेमागे झाला नाही. तो सूर कधी सुटलेलाच नव्हता. तो वरच्या चालीखालचा, माझ्या डाव्या हाताचा सूर होता.

आई हळूच म्हणाली, "आत्ता जुळलं."

मला उठता येत नव्हतं. तिसरा टोल पडायचा होता. दहा मिनिटं मी तिथे बसून राहिले आणि ती दहा मिनिटं माझ्या आयुष्यातून अजून गेलेली नाहीत. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. मी पुन्हा म्हणू शकत होते की म्हाताऱ्याचा सूर सुटला होता. कागद तयार होता, फक्त सही राहिली होती. एतुआलेची आई मला ठाऊकही नव्हती.

टोल पडला. मी कागद घेऊन गेले.

वाओइता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, दिव्यासमोर. फानाती तिच्या शेजारी, चटईशिवाय, हात मांडीवर ठेवून. तिने मला एवढंच विचारलं, "तेच का?"

"तेच," मी म्हणाले.

वाओइताने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. बावीस वर्षं शेजारी उभं राहिलं की कळतं.

"सरांनी लिहायचं कबूल केलं होतं गं," ती म्हणाली. "लिहिण्याआधीच गेले. त्या पत्रातला शब्द न शब्द खरा आहे. ते हेच म्हणाले असते."

"आणि पाद्रीबाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, तू लायक आहेस, म्हणूनच मला मंगळवारी हे लपवता येणार नाही. मी त्यांचे हात धरले. एकदा तरी ऐका म्हटलं. त्यांनी सोडवून घेतले आणि..." तिने जिन्याकडे पाहिलं नाही. "मग पहिला टोल पडला."

"समितीने शुक्रवारी कच्ची मतं दिली होती," फानाती खालच्या आवाजात म्हणाली. "पाचातली चार तुला होती. त्यातलं एक त्यांचं होतं. पत्रं दोनच असती तरी चाललं असतं, वाओइता."

वाओइताने दिव्याची वात सारखी केली.

"एतुआलेची फाईल?" मी विचारलं.

"सगळ्यांनी त्याच्याकडे बघावं म्हणून उचलली. रविवारी भट्टीत घातली."

म्हणजे त्याच निखाऱ्यांवरचा तारो आम्ही खाल्ला होता. एक गोष्ट मला विचारायचीच होती. "तू खाली आलीस तेव्हा ते जिवंत होते?"

"डोळे उघडे होते. ओठ हलत होते."

"मग हाक का नाही मारलीस? मी वीस पावलांवर होते, वाओ! वीस पावलांवर!"

"प्रार्थना चालू होती ना," ती म्हणाली. तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. मग तिने खाली मान घातली. "खोटं कशाला बोलू? आधी भीती होती. कोणी येऊ नये असंच वाटत होतं. मग तुमचं स्तोत्र ऐकू आलं, तुम्ही थांबलात, आणि मी माझी ओळ धरली. वाटलं, वरची चाल ते उचलतील. मी तीन कडवी वाट पाहिली."

बाहेर हवालदाराची गाडी येऊन थांबली. फानाती उठली आणि दार उघडायला गेली.

मी त्याच पायरीवर बसले, वाओइताच्या उजव्या हाताला, आणि कागद गुडघ्यावर ठेवला. तिसऱ्या ओळीतलं 'पाद्री आपेलू' खोडलं. त्याच्यावर तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली सही केली.